उत्तर आठच आले, तरी गुण का कापले?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या आईचा मुलगा केंद्रीय मंडळाच्या शाळेत अकरावी विज्ञान शाखेत शिकतो. दहावीपर्यंत त्याला गणितात चांगले गुण मिळत होते आणि समीकरणांवरची शाब्दिक उदाहरणे तो सहज सोडवत असे. असमानतेचा धडा सुरू झाल्यापासून मात्र आयताच्या परिमितीवरची उदाहरणे हमखास चुकू लागली आहेत. चाचणीतल्या तीन उदाहरणांचे कागद त्यांनी सोबत जोडले आहेत. पहिल्यात लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ मीटरने जास्त आणि परिमिती कमीत कमी ५४ मीटर असताना कमीत कमी रुंदी काढायची होती. मुलाने ≤ (‘पेक्षा लहान किंवा तेवढेच’) हे चिन्ह वापरून ‘८ मीटर’ असे उत्तर लिहिले आणि तीनपैकी एकच गुण मिळाला. दुसऱ्यात ६० मीटर तारेत बसणाऱ्या आयताची लांबी रुंदीपेक्षा ६ मीटरने जास्त होती. रुंदी १२ मीटर किंवा त्याहून कमी, हे उत्तर बरोबर असूनही अर्धा गुण गेला. तिसऱ्यात परिमिती ४८ मीटर होती, लांबी रुंदीच्या तिपटीपेक्षा कमी नव्हती आणि रुंदी कोणत्या मर्यादेत असेल हे विचारले होते. तेथे चिन्ह उलटे पडले. आईने ‘कमीत कमी म्हणजे ≥, जास्तीत जास्त म्हणजे ≤’ असा तक्ता करून त्याच्या टेबलासमोर चिकटवला आहे. तो मुलाला तोंडपाठ आहे, तरी चुका थांबत नाहीत आणि तक्त्याचा विषय निघाला की घरात वाद होतो. वडिलांच्या मते गणित सोडून जीवशास्त्र घ्यावे, तर शेजारी स्वतंत्र क्लास सुचवतात. मुलाचा पाया कच्चा आहे का, उत्तर बरोबर असताना गुण कापणे योग्य आहे का आणि आता नेमके काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

ताई,

तुम्ही मुलाचे कागद जोडले हे फार बरे केले, कारण पाया कच्चा असल्याची तुमची शंका त्या कागदांवरच खोटी ठरते. पहिल्या उदाहरणात त्याने रुंदी क्ष मानली, लांबी २क्ष + ३ लिहिली, परिमितीचे सूत्र वापरले आणि ६क्ष + ६ पर्यंत बिनचूक पोहोचला. वाक्यातून बैजिक राशी तयार करणे हेच शाब्दिक उदाहरणातले अवघड काम असते आणि ते त्याला येते. कंस सोडवणे, पक्षांतर करणे, भागणे यांतही कोठे चूक नाही. ज्याचा पाया कच्चा असतो तो मुलगा परिमितीऐवजी क्षेत्रफळ काढतो किंवा लांबी आणि रुंदी यांची नुसती बेरीज करून थांबतो. त्यामुळे पायाची काळजी तूर्त सोडा.

गुण कापले गेल्याबद्दल तुमच्या पत्रात जो सूर आहे, त्याच्याशी मात्र मी सहमत नाही. मुलाने ६क्ष + ६ ≤ ५४ असे मांडले आणि त्यावरून क्ष ≤ ८ काढले. याचा अर्थ असा, की त्याच्या कागदाप्रमाणे रुंदी ५ मीटर असलेला आयतही चालतो. तो आयत काढून पाहा: रुंदी ५, लांबी १३, परिमिती ३६. उदाहरणात तर ५४ मीटरपेक्षा कमी परिमिती नको आहे. उलट रुंदी १० घेतली तर लांबी २३ आणि परिमिती ६६ येते, म्हणजे अट व्यवस्थित पाळली जाते. पण मुलाच्या उत्तराने नेमका हाच आयत बाहेर काढला. आठ हा आकडा दोन्ही मांडणींत सारखाच येतो, कारण तो सीमेवरचा आकडा आहे. सीमेच्या कोणत्या बाजूला उत्तरे आहेत, हा खरा प्रश्न होता. शिवाय रुंदी ८ किंवा त्याहून कमी असेल, तर ८ ही जास्तीत जास्त रुंदी ठरते. त्याच्याच आदल्या ओळीवरून ‘कमीत कमी रुंदी ८ मीटर’ हे शेवटचे वाक्य निघूच शकत नाही. शिक्षकांनी मांडणीसाठी एक गुण दिला आणि बाकीचे कापले, हे मला रास्त वाटते.

असे का होते, हे पाहू. पहिलीपासून दहावीपर्यंत मुलांना गणिताचे उत्तर म्हणजे एक आकडा असेच दिसत आलेले असते. समीकरण सोडवले की क्षची किंमत मिळते, तिच्याखाली दोन रेघा ओढल्या की उदाहरण संपते. या सवयीने मुलगा असमानतेकडेही समीकरण म्हणूनच पाहतो: मनात बरोबरचे चिन्ह ठेवून आठ काढतो आणि मग त्या जागी कोणते तरी टोकदार चिन्ह बसवतो. तुम्हीही पत्रात ‘फक्त चिन्ह चुकते’ असे दोनदा लिहिले आहे, त्यावरून तुमचाही समज तसाच असावा असे वाटते. पण येथे चिन्ह हाच उदाहरणाचा आशय आहे. समीकरण एक आयत शोधते, तर असमानता अनेक आयतांतून चालणारे आणि न चालणारे वेगळे करते. मुलाला हे आयत डोळ्यांसमोर दिसत नाहीत, एवढीच त्याची अडचण आहे.

म्हणूनच तो तक्ता भिंतीवरून काढावा, असे मी सुचवतो. त्यात चुकीचे काही नाही, पण तो मुलाला वाक्य वाचू देत नाही. ‘कमीत कमी’ हे शब्द दिसले की घाईत डोळा ‘कमी’वर जातो आणि हात ‘पेक्षा लहान’चे चिन्ह काढून मोकळा होतो, इंग्रजी प्रश्नपत्रिकेतल्या ‘ॲट लीस्ट’चेही हेच होते. शिवाय पहिल्या उदाहरणात ‘कमीत कमी’ हे शब्द दोनदा आले आहेत. एकदा ते परिमितीची अट सांगतात आणि एकदा रुंदीबद्दल प्रश्न विचारतात, पण तक्त्याला हा फरक कळत नाही. ‘साठ मीटर तार पुरली पाहिजे’, ‘परिमिती शंभराच्या वर जाता कामा नये’, ‘लांबी तिपटीपेक्षा कमी नाही’ अशी वाक्ये आली की तक्ता आणखीच लंगडा पडतो, आणि प्रत्येक नव्या वाक्यासाठी त्यात एक ओळ वाढवत गेलात, तर मुलाला पाठ करायला एक नवा धडा मिळेल.

त्याऐवजी चिन्ह लिहिण्याआधी तीन आकडे तपासण्याची सवय लावा. परिमिती कमीत कमी ५४ हवी असेल, तर त्याला विचारा: ५० चालेल का? ५४ चालेल का? ६० चालेल का? पहिल्याला ‘नाही’ आणि पुढच्या दोघांना ‘हो’ असे उत्तर आले की चिन्ह आपोआप ठरते. ५४ स्वतः चालते म्हणून चिन्हाखाली रेघ हवी, हेही त्यातच कळते. ‘५४ पेक्षा जास्त’ असे शब्द असते तर मधल्या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आले असते आणि रेघ गेली असती. ही रेघ मुलांना किरकोळ वाटते, पण तिचा इतिहास पाहण्यासारखा आहे. टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाची लहान-मोठेपणाची चिन्हे त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये, छापून आली. बरोबरीलाही सामावून घेणारे चिन्ह मात्र फ्रान्सच्या पिएर बूगे याने १७३४ मध्ये वापरले. मधल्या शतकभराचा हा उशीर ऐकून मुलाला जरा धीर येईल.

तुमचा मुलगा संध्याकाळी फुटबॉल खेळतो, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. त्याचा येथे चांगला उपयोग होईल. फुटबॉलच्या नियमांत मैदानाचे एकच माप सांगितलेले नाही. सर्वसाधारण सामन्यांसाठी लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर असावी आणि लांबीची बाजू रुंदीपेक्षा मोठीच असावी, एवढेच नियम सांगतात. म्हणजे जगभर नियमांत बसणारी, पण वेगवेगळ्या मापांची असंख्य मैदाने असू शकतात आणि ती सगळी मिळून दोन-तीन असमानतांचे उत्तर होतात. मुलाला प्रथम विचारा, की मैदानाभोवती एक फेरी मारायची तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती चालावे लागेल. सर्वांत लहान मैदानाला २(९० + ४५), म्हणजे २७० मीटर, आणि सर्वांत मोठ्याला २(१२० + ९०), म्हणजे ४२० मीटर. मग उलट विचारा: परिमिती ३४० मीटर आहे, म्हणजे २७० आणि ४२० यांच्या मध्येच आहे, तर मैदान नियमात बसेलच का? तो बहुधा ‘हो’ म्हणेल. तेव्हा त्याच्यासमोर १३० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद पट्टा ठेवा. परिमिती ३४० भरते, पण लांबी आणि रुंदी दोन्ही नियमाबाहेर आहेत. परिमितीची अट पाळली म्हणजे बाजूंच्या अटी पाळल्या असे होत नाही, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या दहा उदाहरणांपेक्षा या एका पट्ट्यावरून लवकर पटते.

याच्या पुढचे उदाहरण त्याने कागदावर सोडवावे. एका मैदानाची परिमिती बरोबर ३०० मीटर ठेवायची आहे, तर रुंदी किती ठेवता येईल? लांबी आणि रुंदी यांची बेरीज १५०. रुंदी क्ष मानली तर लांबी १५० − क्ष. लांबी ९० ते १२० मध्ये हवी म्हणून रुंदी ३० ते ६० मध्ये येते. पण रुंदी ४५ पेक्षा कमी चालत नाही, असे दुसरा नियम म्हणतो. दोन्ही अटी एकदम पाळायच्या तर रुंदी ४५ ते ६० मीटर आणि लांबी ९० ते १०५ मीटर. येथे कोणते चिन्ह कोठे लावायचे, हे त्याला कोणत्याही तक्त्यावरून ठरवता येणार नाही. संख्यारेषेवर ३० ते ६० चा एक पट्टा आणि ४५ ते ९० चा दुसरा पट्टा काढून ते कोठे एकमेकांवर येतात, हे पाहावे लागेल. ती आकृती त्याच्या हातून निघाली की धड्याचा गाभा त्याला समजला, असे धरून चाला.

आता दुसऱ्या उदाहरणात गेलेल्या अर्ध्या गुणाविषयी. ६० मीटर तार, लांबी क्ष + ६, म्हणून ४क्ष + १२ ≤ ६० आणि क्ष ≤ १२. बीजगणित येथे संपते, पण आयत अजून बाकी राहतो. क्ष ≤ १२ या उत्तरात उणे पाच मीटर रुंदीही बसते आणि शून्य रुंदीही बसते. तेव्हा उत्तर ० < क्ष ≤ १२ असे हवे. रुंदी धन असते हे उदाहरणात लिहिलेले नसते, ते आयत या शब्दातच असते, आणि ते आपण होऊन लिहिणे ही सोडवणाऱ्याची जबाबदारी आहे. पहिल्या उदाहरणात ही अट लिहिली नाही तरी बिघडले नसते, कारण क्ष ≥ ८ म्हटल्यावर क्ष धन असणारच. अट कोठे लागते आणि कोठे लागत नाही, यावर मुलाशी बोला, नाहीतर तो प्रत्येक ठिकाणी यांत्रिकपणे शून्य लिहीत सुटेल.

काही वेळा ही न लिहिलेली अट याहून जास्त खोल असते. लांबी रुंदीच्या तिपटीपेक्षा १० मीटरने कमी आहे आणि परिमिती ६० मीटरपेक्षा जास्त नको, असे उदाहरण घ्या. परिमिती २(४क्ष − १०), म्हणून क्ष ≤ १०. आता क्ष = ३ घेऊन पाहा. लांबी उणे एक मीटर! म्हणजे क्ष धन असणे येथे पुरत नाही. लांबीही धन हवी, म्हणून क्ष दहा-तृतीयांशापेक्षा मोठा हवा. त्यातही लांबी म्हणजे मोठी बाजू हा संकेत पाळायचा असेल, तर ३क्ष − १० ≥ क्ष, म्हणजे क्ष ≥ ५ असे म्हणावे लागेल. उदाहरणे तयार करणारे अनेकदा याचा विचारच करत नाहीत आणि उत्तरसूचीत नुसते ‘क्ष ≤ १०’ छापून मोकळे होतात, ही माझी जुनी तक्रार आहे. माझे मत विचाराल, तर मुलाने लांबी आणि रुंदी दोन्ही धन असल्याची अट नेहमी तपासावी. लांबी रुंदीपेक्षा कमी नसल्याचा संकेत तो वापरत असेल, तर ‘लांबी ही मोठी बाजू मानली आहे’ असे एक वाक्य सुरुवातीलाच लिहावे. गृहीतक स्पष्ट लिहिलेले असले, की तपासणाऱ्यालाही उत्तराची मर्यादा वेगळी का आली हे कळते.

तिसऱ्या उदाहरणातली चूक मात्र निव्वळ बीजगणिताची आहे आणि ती कोणाच्याही हातून होते. परिमिती ४८, म्हणून लांबी २४ − क्ष. ती तिपटीपेक्षा कमी नाही, म्हणून २४ − क्ष ≥ ३क्ष. येथपर्यंत त्याचे बरोबर आहे. पुढे त्याने सगळे क्ष डावीकडे आणून −४क्ष ≥ −२४ केले आणि उणे चारने भागताना चिन्ह तसेच ठेवले, म्हणून क्ष ≥ ६ आले. उणे संख्येने गुणले किंवा भागले की चिन्ह फिरते, हा नियम त्याला ठाऊक असणार. तो का फिरतो हे मात्र एकदा संख्यारेषेवर दाखवा. ३ हा ५ पेक्षा लहान आहे, पण −३ हा −५ पेक्षा मोठा आहे, कारण शून्याच्या पलीकडे क्रम उलटतो. त्याहून सोपी वाट म्हणजे क्षचा सहगुणक धन राहील अशा बाजूला पक्षांतर करणे: २४ ≥ ४क्ष, म्हणून ६ ≥ क्ष. उणेने भागण्याची वेळच येत नाही. आणि शेवटी एक आयत तपासावा. रुंदी १० घेतली तर लांबी १४, आणि तिप्पट होते ३०. म्हणजे क्ष ≥ ६ हे उत्तर तेथेच कोसळते. रुंदी ४ घेतली तर लांबी २० आणि तिप्पट १२. अट पाळली जाते. परीक्षेत या तपासणीला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही.

पूर्णांकांच्या उदाहरणांबाबत थोडक्यात सांगतो. रुंदी पूर्ण मीटरमध्ये हवी असेल आणि क्ष ≤ १२.७५ आले, तर उत्तर १२. जवळचा पूर्णांक म्हणून १३ लिहिला की तार अपुरी पडते. तसेच क्ष ≥ ८.२ आले तर उत्तर ९, जवळचा असूनही ८ नव्हे. कोणत्या बाजूला सरकायचे हे अट ठरवते, दशांश चिन्हापुढचा अंक ठरवत नाही.

‘कमीत कमी’ या शब्दांचा धसका घालवण्यासाठी घरी करता येईल असा एक प्रयोग सुचवतो. आपल्याकडे जमीन गुंठ्यात मोजतात आणि एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे तुम्हाला माहीत असेलच. मुलाला एका गुंठ्याचे वेगवेगळे आयत काढायला सांगा आणि प्रत्येकाभोवती कुंपणाला किती तार लागेल ते लिहायला सांगा. ३३ फूट बाजूचा चौरस घेतला तर १३२ फूट तार लागते. ११ फूट रुंद आणि ९९ फूट लांब पट्टा घेतला तर तेवढ्याच जमिनीला २२० फूट. ९ बाय १२१ घेतला तर २६०. तो कितीही धडपडला तरी १३२ च्या खाली जाता येणार नाही. हे त्याला स्वतः आढळले, की ‘एक गुंठ्याच्या आयताकृती तुकड्याची परिमिती कमीत कमी १३२ फूट असते’ हे वाक्य तो स्वतःच बोलेल आणि त्याच्यापुढे ≥ हे चिन्ह का येते हे त्याला विचारावे लागणार नाही. हे सिद्ध करायचे तर बीजगणित थोडे पुढचे लागते. तूर्त आढळले तरी पुरे.

आता क्लास आणि विषयबदल. केवळ या धड्यासाठी क्लास लावू नये असे मला वाटते. जिथे एकामागून एक साच्यातली उदाहरणे सोडवून घेतली जातात अशा क्लासमध्ये त्याला आणखी एक तक्ता मिळण्याचा धोका आहे, आणि त्याची नड साच्यांची नाहीच. तीन चुकलेले कागद घेऊन त्याने शाळेच्या शिक्षकांकडे स्वतः जावे, तुम्ही जाऊ नये. ‘माझ्या उत्तरात कोणता आयत चुकीने आत आला?’ असे विचारले, तर बोलणे गुणांवरून गणितावर येईल. सरावासाठी त्याच्या पाठ्यपुस्तकातले त्रिकोणाचे उदाहरण घ्यावे. सर्वांत लांब बाजू सर्वांत लहान बाजूच्या तिप्पट, तिसरी बाजू लांब बाजूपेक्षा २ सेंटिमीटरने कमी आणि परिमिती कमीत कमी ६१ सेंटिमीटर, असे ते आहे. आयतांवर हात बसला, की लहान बाजू कमीत कमी ९ सेंटिमीटर हे त्याला सहज मिळेल. पण बाजूंच्या ९, २७, २५ या मापांचा त्रिकोण प्रत्यक्षात होतो का, हेही त्याने पाहावे. ९ आणि २५ यांची बेरीज ३४, ती २७ पेक्षा मोठी आहे, म्हणून होतो. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हे तो आधीच्या इयत्तांतच शिकला आहे, आणि तीही असमानताच होती.

मुलाच्या वडिलांना एवढेच सांगा, की विषय सोडायचा तर मुलाची आवड आणि पुढची वाट पाहून सोडावा. एका चाचणीतल्या चिन्हांवरून तो निर्णय घेऊ नये. गणित कायम ठेवले, तर बारावीत लिनिअर प्रोग्रॅमिंगचा जो धडा येतो तो संपूर्णपणे अशाच अटींवर उभा आहे, म्हणून आताची दुरुस्ती वाया जाणार नाही. सहामाही परीक्षेपर्यंत हा विषय घरात काढू नका. तोवर त्याने सोडवलेल्या प्रत्येक उदाहरणाखाली दोन आयत लिहिलेले असावेत, एक चालणारा आणि एक न चालणारा, आणि तुम्ही वही तपासताना उत्तर न पाहता फक्त ते दोन आयत पाहावेत.